कमळामावशींचं सोनेरी स्टेशन

कमळामावशी कोणाला पोचवायला स्टेशनवर आल्या की गाडीकडे पाठ करून उभ्या राहत. जाणारा खिडकीतून हात हलवी, आम्ही डोळे पुसत असू, आणि मावशी मात्र मान वर करून इमारतीच्या कमानी बघत. "मावशी, गाडी सुटली!" म्हटलं की म्हणत, "सुटू दे गे. ती जायलाच आलेली. हे इथं राहतं, त्याला बघ की!"

बाळांनो, तुम्ही त्यांना पाहिलं नाही, म्हणून क्रमाने सांगते. त्या माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहीण. इथंच तंजावरात, राजवाड्यामागच्या गल्लीत राहत आणि तंजावुरी चित्रं करत. फणसाच्या फळीवर कापड चिकटवायचं, खडूची भुकटी डिंकात कालवून उठाव द्यायचा, वर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. मधोमध कमानीखाली देव, भलामोठा. गाई, भक्त, चवऱ्या ढाळणाऱ्या बायका बाजूला, लहान लहान. मावशींचे बाळकृष्ण पार परदेशी गेले. पण स्वतःसाठी त्या एकच चित्र काढत आल्या, ते आपल्या स्टेशनचं.

नियम तेच. देवाच्या जागी स्टेशन, दोन्ही बाजूंना सारलेले पडदे, कमानींना मोत्यांच्या ओळी. खाली इंजीन, वासराएवढं.

"मावशी, इंजीन एवढंसं कसं?" मी विचारलं.

"भेटीला आलंय ते. भेटीला आलेला यजमानापेक्षा मोठा कसा दिसेल?"

अशा चार फळ्या त्यांनी आयुष्यभर पुरवून पुरवून केल्या. पहिलीत त्यांच्या आजीने सांगितलेला काळ होता: इंजीन बघायला लोक नारळ-फुलं घेऊन आलेत आणि नऊवारीतली एक बाई घाबरून खांबाआड लपली आहे. दुसरीत लहान रुळांची धुराची गाडी आणि बाहेर झटके, म्हणजे आपले घोड्याचे टांगे. तिसरीत डिझेल, सायकलरिक्षा, पितळी डबे घेतलेली बिऱ्हाडं. चौथीत आजचं स्टेशन: वर विजेच्या तारा, खाली फोनमध्ये मान घातलेली माणसं. माणसं बदलत गेली, कपडे बदलले, कमानी तशाच. एका दुपारी मावशींनी चारही फळ्या भिंतीला टेकवून शेजारी शेजारी ठेवल्या. खिडकीतून ऊन आलं आणि सगळा वर्ख एकदम पेटला. ज्या इमारतीत मी इतकी वर्षं फक्त तिकीट काढलं, ती ही!

चेन्नईचा एक व्यापारी त्या फळ्या विकत मागायला आला. मावशी म्हणाल्या, "ज्याची चित्रं, त्याच्या घरी लागणार." चौथी फळी पुरी होईतो त्यांची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी कुंचला ठेवायला सांगितला. यापुढे नवं काही होणार नव्हतं. होतं ते एवढंच.

पुढे स्टेशनची रंगरंगोटी झाली आणि नव्या स्टेशन मॅनेजरांनी प्रतीक्षालयातली एक भिंत मावशींना दिली. फळ्या लागल्या. मावशी लहान मुलीसारख्या हसत होत्या.

आठवड्याभरात मॅनेजरांचा निरोप आला. आम्ही दोघी गेलो. पहिल्या फळीवर मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा होता, दुसरीतल्या इंजिनाला कुंकू लागलं होतं, आणि खाली कापूर जळून फरशी काळी झाली होती. आपल्या गावात सोन्याचा वर्ख आणि कमान दिसली की माणूस आधी हात जोडतो, आत कोण आहे ते मग बघतो!

"अम्मा, हे प्रतीक्षालय आहे, देऊळ नाही," मॅनेजर म्हणाले. "उद्या आग लागली तर मी काय उत्तर देऊ? फळ्या घरी न्या."

घरी म्हणजे पलंगाखाली. मावशींचा चेहरा उतरला. "मी इथं बसते," त्या म्हणाल्या. "लोकांना सांगते. थोडे दिवस द्या." मॅनेजरांनी सुस्कारा टाकून महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

मावशी रोज सकाळी फळ्यांखालच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. कोणी वाकलं की म्हणत, "देव नाही हो, स्टेशन आहे. काडेपेटी इकडे द्या." लोक ओशाळून देत. आमच्या घरी तेव्हा काडेपेटी विकत आणावी लागली नाही.

एकदा मी डबा घेऊन गेले असताना तिरुवैयारूची एक बाई आली. मावशींनी नेहमीचं वाक्य म्हटलं. बाईने काडेपेटी मुकाट्याने दिली, पण जोडलेले हात सोडले नाहीत.

"देव नाही, कळतं मला अम्मा," ती तमिळमध्ये म्हणाली. "मुलगा माझा याच दारातून दुबईला गेला. आला तर इथूनच येईल. मग मी दुसरीकडे कुठे जाऊ?"

मावशींनी सरकून तिला बाकावर जागा दिली.

त्याच दुपारी मावशी माझा हात धरून मॅनेजरांच्या खोलीत गेल्या. "कापूर मी बंद केला, सार. गजरेही काढीन. पण लोकांचे जोडलेले हात मी खाली करायला लावणार नाही. ते माझं काम नाही, तुमचंही नाही. यावर फळ्या काढायच्या असतील तर काढा."

मॅनेजर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. "सरी अम्मा, राहू देत," शेवटी म्हणाले. पुढच्या आठवड्यात फळ्यांवर जाड काच बसली, पुढे पितळी कठडा आला.

मावशी त्यानंतर दोन पावसाळे होत्या. रोज बाकावर बसत. दिसायचं फार थोडं. चकाकी तेवढी दिसते म्हणत. एका सकाळी घरीच, झोपेत गेल्या.

यंदा तुमच्या मामाला पोचवून मी परत निघाले तेव्हा प्रतीक्षालयात मॅनेजर दिसले. अंगावर गणवेश नव्हता, शेजारी बायको आणि पेट्या. बदली झाली होती. मला त्यांनी पाहिलं नाही. इकडेतिकडे बघून त्यांनी चपला काढल्या, कठड्याशी गेले आणि हात जोडून हळूच म्हणाले, "पोयिट्टु वरेन."

जाऊन येतो.