तर्कशास्त्राचा पाचवा फॉर्म

मंगळवार, जुलैचा दुसरा आठवडा, सकाळी अकरा. जागा: शिरूर, कॉलेजचं कॅन्टीन, खिडकीजवळचं टेबल. हजर: निमोण्याचे मामा, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. एमआयडीसीत सुपरवायझर असलेला तिशीचा भाऊ, रात्रपाळी करून थेट आलेला; मामा, भाऊ ही वर्गातली हाक. शिरूरच्या दोघी मैत्रिणी. राहू गावची मुलगी. आणि मी, वरवंडची, वय सत्तेचाळीस. गैरहजर: कोणी नाही. बी.ए. तत्त्वज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग एवढाच आहे.

ही नोंद माझ्या डायरीतली. वरवंडला सोलापूर हायवेला आमचं मंगल कार्यालय आहे आणि ते मी चालवते. प्रत्येक लग्नाची माझी यादी असते: ताटं किती, आचारी कधी येणार, नवरीच्या खोलीची किल्ली कोणाकडे. बारावीनंतर माझं लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. मुलगा नोकरीला लागल्यावर मी पुन्हा नाव घातलं. तत्त्वज्ञानच का, असं सगळे विचारतात. खरं कारण वेळापत्रक. बाकी विषयांचे तास दुपारपर्यंत पसरलेले, तत्त्वज्ञानाचे सकाळी आठ ते अकरात संपणारे. अकराला निघालं की साडेबाराला मी कार्यालयात. ओढ लागली ती पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर.

फॉर्म सोमवारीच वाटले होते; त्या मंगळवारी ठरवायचा होता ऐच्छिक विषय. तासाला मॅडमनी नियम सांगितला होता. पर्याय दोन: उपयोजित नीतिशास्त्र किंवा चिन्हांकित तर्कशास्त्र. शिकवणाऱ्या त्या एकट्या, म्हणून चालणार एकच. त्यासाठी किमान पाच फॉर्म हवेत. दोन्हीपैकी कशालाच पाच मिळाले नाहीत तर आम्हा सगळ्यांना राज्यशास्त्राच्या वर्गात बसवणार. मुदत शनिवार.

सहा माणसं, पाच फॉर्म. दोघं फुटले की विषय गेला. हे गणित मला तिथंच दिसलं आणि मी कामाला लागले. तास संपेपर्यंत डायरीत तक्ता तयार होता. नीतिशास्त्राची पुस्तकं मराठीत मिळतात, उदाहरणं रोजच्या जगण्यातली, पेपर लिहायला सोपा. तर्कशास्त्रात चिन्हं, कोष्टकं आणि गणिताची भीती. मी तक्ता वाचून दाखवला.

"झालं की मग," मामा म्हणाले. "बिनविरोध करून टाका, ताई. उगं फाटे फोडायचे न्हाईत."

"माझं काय, झोप न येणारा कुठलाही विषय चालेल," भाऊ म्हणाला.

शिरूरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकदमच मान हलवली. त्या सगळं एकदमच करतात.

"आन् तू गं?" मामांनी राहूच्या मुलीला विचारलं.

"चालंल," ती म्हणाली.

मी सहा नावांपुढे सहा बरोबरच्या खुणा केल्या. आमच्या भागात सोसायटीची निवडणूक असो, ग्रामपंचायतीची असो, बिनविरोध झाली की गावाला मोठं काम केल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. चहा माझ्याकडून झाला.

फॉर्मच्या खालच्या भागात उपक्रम होते. तिथं कितीही जण काहीही घेऊ शकत होते, त्यामुळे गंमत झाली. मामांनी वक्तृत्व घेतलं. "सगळी नोकरी 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणण्यात गेली," ते म्हणाले. "आता चार वाक्यं जास्तीची बोलू द्या." भाऊनं योग घेतला, शवासनासाठी. दोघींनी एनएसएस, शिबिराला एकत्र जाता येतं म्हणून. मी ग्रंथालय घेतलं, कारण तिथल्या एका कपाटाची यादीच नाही आणि ते मला दोन वर्षं बघवत नव्हतं. राहूच्या मुलीनं अभ्यास मंडळ लिहिलं. त्यात दुसरं कोणीच नव्हतं.

सगळ्यांचे फॉर्म मी गोळा केले. एकानं एकदम दिले की ऑफिसात हरवत नाहीत. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातले आणि निघाले. मॅडम त्या दिवशी लवकर गेल्या होत्या, नाहीतर ते तेव्हाच त्यांच्या टेबलावर पोचले असते.

राहूच्या मुलीला मी परतताना बरोबर घेते. कार्यालयाची भाजीची जुनी व्हॅन आहे, तिच्यातून. पुढच्या सीटवर जागा करायला मी फोल्डर तिच्या मांडीवर दिलं. न्हावरा ओलांडल्यावर ट्रॅक्टरच्या मागे अडकलो आणि माझं लक्ष फोल्डरकडे गेलं. सगळ्यात वर तिचाच फॉर्म होता. ऐच्छिक विषयाच्या चौकोनात व्हाइटनरचा जाड थर आणि त्यावर 'उपयोजित नीतिशास्त्र'.

"हे काय खोडलंस?"

"काही न्हाई काकू. चुकलं होतं."

मी पुढच्या मोकळ्या जागेत व्हॅन बाजूला घेतली. फॉर्म उलटा करून काचेवर धरला. उजेडात मागून अक्षरं उलटी, पण स्पष्ट दिसली: तर्कशास्त्र.

"आधीच भरून आणला होतास?"

"व्हय. घरूनच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही यादी केली होती ना."

एवढंच म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. पाऊस आला म्हणून वाळवण आत घेतलं, इतक्या साध्या सुरात तिनं ते सांगितलं.

मग तिनं तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. "आमच्या आप्पांनी एकदा सोसायटीला फॉर्म भरला होता. बाकीच्यांचं बिनविरोध ठरलेलं. मग रोज कोण ना कोण घरी. भांडलं कोणीच न्हाई. नुसतं बसायचे आन् चहा प्यायचे. चौथ्या दिवशी आप्पांनी फॉर्म मागं घेतला. आई अजून म्हणती, साखरेचा डबा संपला म्हणून घेतला." ती हसली. मीही हसले. हसून झाल्यावर मात्र मला मघाचा कॅन्टीनमधला चहा आठवला. तो मीच पाजला होता.

तिला एम.ए. करायचं आहे. विद्यापीठाच्या ज्या विभागात जायचं आहे तिथल्या प्रवेश परीक्षेत तर्कशास्त्राला मोठा वाटा. बारावीला तिनं ते घेतलं होतं, पण शिक्षक अर्ध्यात गेले आणि पुढचं तिनं एकटीनं केलं. दप्तरातून तिनं गठ्ठा काढला: जुन्या कॅलेंडरची पानं, कोरी बाजू वर, प्रत्येकावर बारीक अक्षरात 'स' आणि 'अ'च्या ओळी. सत्य, असत्य. यालाच सत्यता कोष्टक म्हणतात.

"एवढं आवडतं?"

"यात मोठ्या माणसाचं खरं आन् लहान माणसाचं खोटं, असं न्हाई," ती म्हणाली. "ओळी मांडायच्या आन् बघायचं."

मी तिला म्हटलं, "मला शिकव. पण माझ्या धंद्यातलं उदाहरण घे."

आमच्या कार्यालयात पाटी आहे: वऱ्हाड वेळेत आलं तर जेवण बारा वाजता. तिनं त्याच्याच चार ओळी मांडल्या. वऱ्हाड वेळेत, जेवण बाराला: पाटी खरी. वऱ्हाड वेळेत, जेवण उशिरा: पाटी खोटी.

"आन् वऱ्हाडच उशिरा आलं, तर?"

"तर जेवण कधी का होईना."

"मग पाटी खोटी ठरली का?"

"छे! ती तर वेळेत आलेल्यांसाठी आहे."

"म्हंजी उरलेल्या दोन्ही ओळी खऱ्या. चारातली एकच खोटी."

इतकी वर्षं मी चारही ओळींवर वरपित्यांशी भांडत आले आहे. त्यातल्या एकाच ओळीत मला उत्तर द्यायचं होतं, बाकी तीन ठिकाणी नुसती पाटी दाखवली असती तरी चाललं असतं. हा विषय माझ्या उपयोगाचा होता आणि मी तो तक्त्यात 'गणिताची भीती' असं लिहून निकालात काढला होता. पुस्तक न उघडता.

राहूच्या फाट्यावर ती उतरायला लागली तेव्हा मी सांगितलं, "फॉर्म माझ्याकडेच आहेत. शनिवारी पुन्हा बसू."

"नको काकू. लोक म्हणतील, हिनं मोडलं."

"तू काही मोडत नाहीस. यादी मी केली होती, ती मी फाडते."

घरी जाऊन ते पान खरोखर फाडलं. डायरीतलं पान फाडायची ही माझी पहिलीच वेळ. मग नवीन पान घेऊन लिहिलं: सहा कोरे फॉर्म आणणे. मॅडमना फोन. चिठ्ठ्या. झाकणाचा डबा. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अभ्यास मंडळाची पहिली बैठक म्हणून शनिवारचा एक तास तिलाच देऊ.

शनिवारी तिनं फळ्यावर चार ओळी मांडल्या. सुरुवातीला आवाज इतका खाली होता की मामा म्हणाले, "मागच्या शिटापर्यंत येऊ दे, बाय." मग तिनं त्यांनाच धरलं. "मामा, 'तिकीट असंल तरच बसायचं' आन् 'तिकीट असंल तर बसायचं', एकच का?"

मामा म्हणाले, "न्हाई बा. पहिल्यात फुकट्या खाली उतरतो. दुसऱ्यात त्याच्याबद्दल कोणी काय बोललंच न्हाई."

"बरोबर!" ती इतक्या जोरात म्हणाली की भाऊ दचकून जागा झाला. नंतर मात्र तो झोपला नाही. त्याच्या मशीनला दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. त्यानं स्वतः उठून त्याचं कोष्टक मांडलं आणि दोनदा तपासलं.

मी नवीन फॉर्म वाटले. त्याआधी चिठ्ठ्या. कोणी कोणाकडे बघायचं नाही, असं मीच बजावलं, आणि लोणच्याचा स्टीलचा डबा फिरवला. चहा आधी ठेवला नव्हता, मुद्दाम.

तर्कशास्त्र चार. नीतिशास्त्र दोन.

पाच हवे होते. राहूची मुलगी फळा पुसायला लागली, तोही आधीच स्वच्छ असलेला भाग.

"लपवायचं कशाला, आमच्या दोघींच्या आहेत," शिरूरच्या दोघींपैकी उंच असलेली म्हणाली. "मला नीतिशास्त्रच हवंय. मनापासून."

"आणि तुला?" मी दुसरीला विचारलं.

तिनं पहिल्यांदाच मैत्रिणीकडे न बघता उत्तर दिलं. "मी दहावीला गणितात दोनदा नापास झालेय. आज समजलं, पण पेपरात जमेल की नाही माहीत नाही. मला विचार करू द्या."

"अगं, त्यात काय विचार?" मामा पुढे सरसावले. "पोरीच्या भविष्याचा प्रश्न हाय. चल, चहा घेऊ, बोलू."

"मामा," मी म्हटलं, "चहा नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग राहूच्या मुलीकडे, आणि खाली बसले. मॅडमनी सोमवारी दहापर्यंत मुदत दिली. चार फॉर्म तर्कशास्त्राचे, एक नीतिशास्त्राचा, एक कोरा.

परतताना व्हॅनमध्ये राहूची मुलगी म्हणाली, "ती न्हाई म्हणाली तरी चालंल काकू. या वेळी निदान मी बोलले तरी." मला तसं चालणार नव्हतं, पण तिला तसं सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे कॅलेंडरची दोन पानं दिली, सोपी कोष्टकं, खाली उत्तरांसकट. "तिला देता का? मी दिली तर जोर केल्यासारखं व्हईल."

ती पानं मी काल संध्याकाळी शिरूरला जाणाऱ्या भाजीच्या गाडीतून तिच्या घरी पोचवली. सोबत चिठ्ठी: 'राहूहून. जमलं तर बघ. उत्तर द्यायची घाई नाही.' चिठ्ठीवर मी सही केली नाही. माझं नाव बघून तिला पुन्हा यादी दिसायला नको.

आज रविवार. तिचा नंबर माझ्याकडे आहे. दुपारपासून चारदा फोन हातात घेतला आणि चारदा ठेवला. लग्नात पाहुण्यांना शेवटची आठवण करून देणं हे माझं ठरलेलं काम आहे, आणि इथं नेमकं तेच करायचं नाही.

डायरीतली आजची सगळी कामं झाली आहेत. फोल्डर पिशवीत आहे, त्यात पाच भरलेले फॉर्म. सहाव्यावर तिचं नाव तिनंच लिहिलं आहे आणि उपक्रमाच्या जागी एनएसएसची टीकही. ऐच्छिक विषयाचा चौकोन रिकामा आहे.