वज्रपूरला मी जाऊन आलोय

सांगू की नको, असं कालपर्यंत वाटत होतं. पण तुम्ही चहा पाजलाय, आणि पाथर्डीत हे आता पोराटोरांनाही ठाऊक झालंय. दुसऱ्याच्या तोंडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. माती मीच खाल्ली, तर निदान चव तरी मीच सांगतो.

मी लाल गाडीवर कंडक्टर होतो. उभी नोकरी त्यात गेली. जिल्ह्यातला कुठलाही फाटा विचारा, कुठलीही वस्ती विचारा. आता अशी नोकरी केलेल्या माणसाची एक गोची होते. 'मला माहीत नाही' हे वाक्य तोंडातून निघेनासं होतं. जाम झालेल्या खिडकीसारखं. कितीही ओढा, काच काही हलत नाही.

तर आमच्या प्रतीक्षासाठी नगरचं स्थळ आलं. ओंकार नावाचा मुलगा, वडील रिटायर्ड गुरुजी. मध्यस्थानं सांगितलं, मुलगा शहराचं काम करतो. म्हटलं, नगररचना खात्यात असेल. शहर म्हणजे सिमेंट आलं, मंजुऱ्या आल्या. आपल्याला अजून काय पाहिजे? त्याआधी एका फोटोग्राफर पोराला मी दारातूनच परत लावलं होतं. चित्रं-बित्रं काढणाऱ्याला पोरगी देणार नाही, असं घरात स्पष्ट बजावलेलं होतं.

मंडळी आली, चहा झाला. मी विचारलं, "सध्या कुठल्या शहराचं काम चाललंय म्हणायचं?"

"वज्रपूर," मुलगा म्हणाला. "सुरुवातीपासून मीच उभं केलंय ते."

वज्रपूर. बापजन्मात ऐकलं नव्हतं. पण माझी मान आपोआप हलली.

"हां हां, वज्रपूर. मी जाऊन आलोय ना."

मुलगा सरसावून बसला. "काका, तुम्ही वज्रपूरला गेलाय?"

"कैक वेळा. मुक्कामी गाडी असायची आमची."

त्याचा चेहरा असा काही उजळला की मलाच बरं वाटलं. दाराशी उभी असलेली प्रतीक्षा मात्र ओढणीनं तोंड झाकून आत पळाली. मला वाटलं, लाजली.

"मग तिथली नदी पाहिली असेल," तो म्हणाला. "उलटी वाहते ती."

"आमच्याकडं सरळ वाहणारी सुद्धा नाही. तुमचं बरं चाललंय म्हणायचं."

तो खदाखदा हसला. "आणि घरांना छपरं नाहीत, ते?"

"शिंगणापूरला दारं नसतात, वज्रपूरला छपरं नसतात. ज्याची त्याची श्रद्धा असते, त्याला आपण काय बोलणार?"

"शहर तीनदा जमीनदोस्त झालं, तो इतिहास माहितीये तुम्हाला?"

"अतिक्रमणं काढली असतील."

"चौथ्यांदाही गेलं असतं. पण प्रभंजन आला आणि शहर वाचलं."

आता हा प्रभंजन कोण? मी मनातल्या मनात त्याला नगराध्यक्ष करून टाकला. "प्रभंजनराव ना? देवमाणूस. आमच्याच गाडीनं यायचे. मागच्या सीटवर बसायचे गपचूप."

"त्याला गाडी कशाला लागते, काका?"

"तेच तर. एवढा मोठा माणूस, पण राहणी साधी."

मुलानं गुरुजींकडं पाहिलं, गुरुजींनी मुलाकडं. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हटलं, गावाची आठवण आली बिचाऱ्यांना. जाता जाता जिन्यातच त्यांनी होकार कळवला. "असं घर आम्हाला शोधून सापडलं नसतं," असं म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी गावभर वज्रपूर वाटत सुटलो. जावई अख्खं शहर बांधतोय, लहानसहान गोष्ट आहे का? रावसाहेब म्हणून माझा जुना जोडीदार आहे, गाडीवरचा ड्रायव्हर. तो चहाच्या टपरीवर म्हणाला, "कुठं आलं रं हे वज्रपूर?"

"खर्ड्याच्या अलीकडं फाटा हाय ना डाव्या हाताला? तिथून आत."

रावसाहेबानं बशीतला चहा ओढला आणि जरा विचार केला. "व्हय व्हय. मोठं वडाचं झाड हाय तिथं."

बघा. मी तरी एकटाच आहे का या आजाराचा? वडाचं झाड ऐकून मलाही धीर आला. म्हणजे गाव असणारच.

साखरपुड्याला कार्यालय भरलं होतं. सगळं यथासांग पार पडलं. जेवणाला अजून अवकाश होता, तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात माईक दिला. कंडक्टरच्या हातात माईक देऊ नये. नोकरीभर घसा ताणलेला असतो, फुकटचा मोठा आवाज मिळाला की तो थांबत नाही.

मी वज्रपूरचा इतिहास सांगितला. भूगोल सांगितला. उलटी नदी, बिनछपराची घरं, तीन वेळचं अतिक्रमण, प्रभंजनरावांचा साधेपणा. काही गोष्टी पदरच्या घातल्या. स्टँडसमोर भेळ चांगली मिळते, संध्याकाळी वारं गार सुटतं. नगरकडची पाहुणेमंडळी पोट धरून हसत होती, तसतसा मी आणखी रंगत होतो. शेवटी जाहीर करून टाकलं, "लग्न झालं की मी स्वतः गाडी करतो आणि समद्यांना वज्रपूर दाखवून आणतो. ज्याला यायचंय त्यानं रावसाहेबाकडं नाव द्यावं."

माझ्या बाजूच्या दहा-बारा जणांनी लगेच हात वर केले.

मग गुरुजी उठले. त्यांनी माईक घेतला.

"माझा मुलगा लहानपणापासून एका नसलेल्या गावाचे नकाशे काढत बसायचा," ते म्हणाले. "त्यातून त्यानं कॉमिक काढलं. मी मास्तर माणूस. मी त्याला म्हणायचो, अरे, जे गाव पृथ्वीच्या पाठीवर नाही त्याचा इतिहास-भूगोल तुला पाठ, आणि तुला मुलगी कोण देणार? आणि आज हे व्याही मिळाले. त्यांनी पुस्तक नुसतं वाचलं नाही, ते त्यात राहून आले."

असं म्हणून त्यांनी पुस्तक उंच धरलं. मुखपृष्ठावर वज्रपूर. उलटी नदी डोंगर चढत होती. आणि बिनछपराच्या घरांवरून एक दांडगा गडी हाताच्या मुठी पुढं करून उडत होता. जांभळी तंग चड्डी, पाठीवर उपरणं फडफडतंय.

प्रभंजनराव.

नगरकडच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटत होतं, काय विनोदी माणूस आहे. पाथर्डीकडचे लोक मात्र गप्प होते. मी आयुष्यात कधी विनोद केलेला नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळं कार्यालय फुटलं.

मी प्रतीक्षाला भटारखान्यात गाठलं. "तुला ठाऊक हुतं?"

"पहिल्या दिवसापास्नं. ते पुस्तक वाचलंय मी."

"मग बोलली का न्हाईस?"

ती खाली बघून म्हणाली, "पोरगा चित्रं काढतो म्हनून सांगितलं असतं, तर तुमी त्याला घरात घेतलं असतं का, अण्णा?"

तिचे डोळे भरले होते. तिला तो मनापासून आवडला होता आणि एवढे दिवस पोरगी माझ्या थापांवर जीव मुठीत धरून बसली होती. तरी माझं डोकं फिरलंच होतं, खोटं कशाला सांगू? चित्रं काढणारा जावई. मी म्हटलं, "मी आत्ताच्या आत्ता जाऊन हे मोडतो."

"मोडा," ती म्हणाली. "पन काय सांगून मोडनार?"

इथंच माझी गाडी बंद पडली. आम्हाला फसवलं म्हणावं, तर त्यांनी एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. मोडायचं तर भरल्या कार्यालयात कबूल करावं लागणार, की मी वज्रपूरला कधीच गेलो नव्हतो. ते काही मला जमण्यासारखं नव्हतं.

लग्न झालं. झकास झालं. पोरगा सोन्यासारखा आहे. माझी मंडळी मात्र अधूनमधून भाजी निवडता निवडता विचारते, "अवो, मग ती मुक्कामाची गाडी नक्की कुठं जायची?" त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून देतोय.

पण खरी गंमत साखरपुड्याहून परत येताना झाली. मी मान खाली घालून चाललो होतो. रावसाहेब शेजारी होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, ते पुस्तक हातात घेऊन पानन्‌पान उलटून पाहिलं होतं. कोपऱ्यावर आल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लोकं हसू दे रं," तो म्हणाला. "पुस्तकवाल्याला काय कळतंय? गाव हाय. मी सवता गाडी घातलीय तिथं."

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. आता तुम्हीच सांगा, एवढी थोबाडीत बसल्यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं?

मी म्हणालो, "व्हय. घाटात लई जपून ब्रेक मारायचास तू."