लवकर आलेली माफी

होबार्ट बंदरातल्या नाटकगृहात कपडेपट सांभाळणारी केझाया रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर असे. नाटक म्हणजे सैतानाचं घर, असं शेजारणी म्हणाल्या की ती म्हणे, "सैतानाच्या चड्ड्या तरी कुणी शिवायच्या मग?"

तिचा नवरा इफ्रेम तिथंच नाटकांत खलाशाच्या भूमिका करी. दर नाटकात निरपराध खलाशाला डोलकाठीवर फाशी ठरलेली, आणि तो लोंबकळू लागला की माफी घेऊन धावत येणारा कप्तानही ठरलेला. फास नुसता दाखवायला; त्याच दोराचा आकडा इफ्रेमच्या पाठीवरच्या कडीत अडकवायचा, म्हणजे सगळं वजन कोटाखालच्या चामडी पट्ट्यावर. पट्टा केझायाच्याच हातचा. आकडा अडकला की ती विंगेतून शिट्टी घाली आणि माळ्यावरून म्हातारा ओबेड दोर ओढी. तो जन्मभर जहाजावर राबलेला. शिट्टी कानावर पडली की त्याचे हात आपोआप चालत.

त्या शनिवारी देवमाशांच्या शिकारीहून परतलेले खलाशी गॅलरीत खच्चून भरले होते. गळ्यात फास पडला. फाशी देणारा नट आकडा चाचपडत होता.

"सोडा रे त्याला, हरामखोरांनो!" गॅलरीतून कुणी ओरडला आणि संतापून त्यानं कर्कश शिट्टी घातली.

ओबेडनं दोर ओढला.

इफ्रेम वर उचलला गेला. पाय झाडू लागला. केझाया तशीच धावली आणि त्याचे पाय कवटाळून वर रेटू लागली.

"ओबेडकाका, सोडा! खरंच मरतोय तो!"

"वा! बायकोनं काय रडं लावलंय!" गॅलरी टाळ्यांनी दणाणली. केझाया देवाचा धावा करत होती आणि लोक टाळ्या पिटत होते. शेवटी तिचा आवाज ओबेडला ओळखू आला. दोर सैल पडला.

आत नेल्यावर मालक क्रंब हात चोळत आले. "केझाया, सोमवारीही अशीच धावून ये. लोक वेडे झालेत!"

तेवढ्यात इफ्रेमनं डोळे उघडले. मानेवर लालभडक वळ, घशातून नुसती घरघर. "टाळ्या... पडल्या ना गं?"

दोर परवडला, पण ही टाळ्यांची हाव नको! केझायानं कात्री घेतली आणि पट्ट्याची कडी कचाकच कापून काढली.

"मालक, यापुढे माफी फास पडायच्या आधी येईल. नाहीतर हा पट्टा तुम्ही घाला, आणि शिट्टी मी घालते."

क्रंब हसायला गेले, पण तिच्या हातातली कात्री बघून त्यांनी मुकाट मान डोलावली. सोमवारी कप्तान इतक्या लवकर धावत आला, की गॅलरीनं त्याला संत्र्याच्या साली फेकून मारल्या.