बहिणीने न ओळखलेला भाऊ

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी त्या बाईंनी माझ्या टेबलासमोर बसून केलेली तक्रार अजून जशीच्या तशी कानात आहे.

"साहेब, माह्या भावाच्या घरात दुसराच माणूस राहून राहिला."

मी तेव्हा रायपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बाई अमरावतीकडच्या, पन्नाशीच्या, शिकलेल्या. कोणाचंही नाव सांगत नाही, कारण भाऊ याच शहरात राहतो. भावाने पत्नीच्या निधनानंतर दुसरं लग्न केलं, त्यावरून बहीणभावांत अबोला झाला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. मधल्या काळात भाऊ सरकारी नोकरीत जगदलपूरला होता. तिथून बदली होऊन तो नवा रायपूरमधल्या कार्यालयात आला. आता बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. राग गिळून, न कळवता, त्या पत्रिका घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

दार उघडणारा माणूस धिप्पाड होता. जबडा पुढे आलेला, नाक रुंद, आवाज घोगरा. बाईंनी विचारलं, "दादा आहे का घरी?"

तो म्हणाला, "काहून थट्टा करून राहिली? मीच तर आहे."

बाई तिथूनच मागे फिरल्या आणि रिक्षाने ठाण्यात आल्या. भावाचं बरंवाईट करून हा माणूस त्याच्या नावाने नोकरी करतो आहे, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. मोबाइलमध्ये त्यांनी भावाचा जुना फोटो दाखवला. सडसडीत, हसरा तरुण, हातात तबल्याची हातोडी. "तो कधी कोणावर आवाज चढवत नव्हता, साहेब. हा तर दारातच वसकन बोलला."

गुन्हा दाखल करण्याआधी मी साध्या वेशातला हेड कॉन्स्टेबल चौकशीला पाठवला. त्याने आणलेल्या माहितीने संशय वाढलाच. शेजारी आणि कार्यालयातले लोक त्या माणसाला बदलीनंतरच ओळखत होते. नोकरीच्या सुरुवातीची सही आणि आताची सही जुळत नव्हती. दुसरी बायको जगदलपूरची. तिने लग्न केलं तेव्हापासून हाच चेहरा पाहिलेला. हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "सर, कुछ तो गड़बड़ है।" मलाही तसंच वाटलं.

मी त्या गृहस्थांना ठाण्यात बोलावलं. थंडीचे दिवस होते, आम्ही स्वेटर घालून बसलो होतो आणि त्यांचा शर्ट घामाने ओला झाला होता. चौकशीत घाम फुटलेला माणूस मी आयुष्यभर एकाच अर्थाने वाचत आलो होतो. शाळा, वडिलांचं दुकान, बहीण लहानपणी झाडावरून पडली ती जागा, सगळी उत्तरं बरोबर आली. पण पढवलेला माणूसही बरोबर उत्तरं देतो. तोच प्रश्न पुन्हा विचारला की ते चिडत, मग डोकं धरून गप्प बसत. शिपायाने बाजूने चहाचा पेला पुढे केला, तो त्यांना दिसलाच नाही. पेला समोर ठेवला तेव्हा ते दचकले. हे नाटक असेल, तर कशासाठी, हे मला कळेना.

शेवटी मी विचारलं, "तुम्ही तेच आहात, याचा पुरावा काय?"

त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. "काय सांगू साहेब. दाढी करताना आरशात पाहतो, तर मलेच वाटते, हा कोण होय."

असं बयान मी कधी लिहून घेतलं नव्हतं. ते त्यांच्या बाजूचं धरावं की विरुद्ध, हेच समजेना. 

भावाच्या गुडघ्यावर जुन्या जखमेची खूण होती, असं बाई म्हणाल्या होत्या. ती तपासायला मी त्या गृहस्थांना सरकारी दवाखान्यात नेलं. सोबत बहीण आणि पत्नीही होत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या. मराठी घरातल्या, पण बोलण्यात निम्मं हिंदी. खूण सापडली. तरी डॉक्टरांनी त्यांना उठू दिलं नाही. चपलेचं माप वाढलं का, अंगठी बोटात जाते का, झोपेत घोरता का, असं विचारत राहिल्या. मग दोन्ही हात त्यांच्या कानांच्या रेषेत धरून बोटं हलवली. त्यांना एकाही बाजूची बोटं दिसली नाहीत.

डॉक्टर मला म्हणाल्या, "सर, यांना आरोपी नका समजू. ये पेशंट हैं।"

त्यांनी समजावून सांगितलं, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. मासा असो, बेडूक असो की माणूस, तिच्यातून पाझरणाऱ्या रसांवर, म्हणजे हार्मोनवर, शरीराची वाढ चालते. यांच्या ग्रंथीत गाठ झाली असावी आणि वाढीचा हार्मोन थांबण्याच्या वयानंतरही पाझरत राहिला असावा. उंची वाढणं कधीच थांबलेलं, म्हणून हात, पाय, जबडा, जीभ जाड होत गेली. घाम, डोकेदुखी, अपुरी झोप आणि त्यातून आलेली चिडचिडही त्याचीच. बोटं जाडावली तशी सहीही बदलली होती. गाठ डोळ्यांच्या नसा दाबत होती. आणखी उशीर झाला असता तर दृष्टी गेली असती.

"मग घरात कोणाला कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"रोज पाहणाऱ्याला दिसत नाही, सर. इतना धीरे होता है।"

डॉक्टरांनी पत्नीच्या आणि बहिणीच्या मोबाइलमधले फोटो वर्षांच्या क्रमाने लावून दाखवले. हसरा तरुण एकेका फोटोत जड होत गेला आणि समोर बसलेल्या माणसापाशी येऊन थांबला. बाईंनी ते फोटो दोनदा पाहिले. मग उठून त्यांनी भावाचा तो मोठा हात दोन्ही हातांत घेतला. "दादा, मी दारातून पळून गेली रे," एवढंच त्या म्हणाल्या. ते म्हणाले, "मीही पळालो असतो."

पुढे स्कॅनमध्ये गाठ दिसली. बहीणभावांच्या रक्ताची डीएनए तपासणीही जुळली आणि मी अर्ज निकाली काढला. पोलिसांच्या दृष्टीने प्रकरण संपलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांची पत्नी एकटीच ठाण्यात आली. मला वाटलं, काही कागद हवा असेल. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"साहब, दीदी कहती हैं, ये पहले बहुत हँसते थे, तबला बजाते थे। ऑपरेशन के बाद वही वापस आएँगे। मैंने तो उनको देखा ही नहीं। मैंने इनसे शादी की है, जो चिढ़ते हैं।" मग तिने विचारलं, "मेरे साथ कौन रहेगा?"

मी तिला पाणी दिलं. 

शस्त्रक्रिया नाकावाटे झाली आणि ती यशस्वी झाली. दृष्टी बरीच सुधारली, घाम थांबला, हातांची सूज उतरली. जबड्याचं हाड मात्र तसंच राहिलं, ते मागे जात नाही म्हणतात. काही महिन्यांनी गोल बाजारात ते नवराबायको मला भेटले. ते मला पाहून मोकळेपणी हसले आणि भांड्याच्या दुकानात भाव करत राहिले. ती त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होती, पाहुण्याकडे बघावं तशी. मग तिनेच त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं गर्दीत गेले.

त्यानंतरच्या नोकरीत कोणी सांगितलं की घरचा माणूस पहिल्यासारखा राहिला नाही, तर मी आधी संगत आणि व्यसन शोधायचं सोडलं. डॉक्टरकडे नेलं का, हे पहिलं विचारू लागलो. माणूस कोण आहे, हे ठरवायला आमच्याजवळ खुणा असतात, रक्त असतं. त्या घरात मात्र बहिणीला आणि पत्नीला दोन वेगळी माणसं माहीत होती आणि दोघीही खरं बोलत होत्या. त्यांतला खरा कोणता, याचा तपास माझ्याकडून आजवर झालेला नाही.