मधात कुठं थांबते?

"ते सगळं ठीक आहे भाऊ, पण मधात कुठं थांबते ते सांगा." एक डोळा बारीक करून ते विचारायचे आणि माझं डोकं फिरायचं.

रायपूरच्या सदर बाजारात माझं तिकिटांचं दुकान आहे. हे विचारणारे रेल्वेतले निवृत्त गार्ड, सगळे गार्डसाहेबच म्हणायचे. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला. अधूनमधून येऊन बाकावर बसायचे, रायपूर-पुणे विमानाला किती वेळ लागतो ते विचारायचे आणि तिकीट न काढता निघून जायचे. तुम्हीच सांगा, संशय येणार नाही? मला तर वाटायचं, समोरच्या दुकानदारानंच यांना पाठवलंय.

"जेमतेम दोन तास. सरळ जातं," मी म्हणायचो.

"रेल्वेत सारी रात्र जाते, अन् वरून दिवस. तुमचं म्हणे दोन तास! शेवटच्या स्टेशनाआधी टायमटेबलात जादा मिनिटं कशी लपवतात ते मले नका शिकवू. माही जिंदगी गेली त्यात."

मी नकाशा दाखवला. त्यावरची सरळ रेघ बघून म्हणाले, "रेघ तं कोणीबी ओढते."

एकदा मीच चिडून विचारलं, "काहून एवढा संशय?"

"पोट्टी म्हणते, बाबा, येणं नाही जमत, लई दूर पडते. ती काय झूट बोलून राहिली?"

म्हणजे तिच्यात आणि माझ्यात कोणीतरी एक खोटारडं होतं, आणि त्यांनी मला निवडलं होतं. माझा पारा चढला. "मग एकदा बसूनच पाहा ना!"

दिवाळीनंतर बसले. मीच त्यांना गावाबाहेर माना विमानतळावर सोडलं. तिथंही काउंटरवरच्या मुलीला विचारलंच, "दीदी, मधात कुठं थांबते?"

दुपारी फोन आला. "भाऊ, पोचलो." मागं विमानतळाचा गलका. "मधात कुठंच नाही थांबलं हो."

मी जिंकलो होतो. असं जिंकणं देव कोणाला न देवो.

परत आले ते रेल्वेनं. दुकानात गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोरच मोठ्यानं म्हणाले, "याच्यावर भरोसा नका ठेवू. पुणं लई दूर आहे. पोट्टी बरोबरच म्हणते."

"हव, गार्डसाहेब," मी म्हटलं. "दूरच आहे."

त्यानंतर त्यांनी कधी काही विचारलं नाही. येऊन नुसते बसायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी पुण्याला फोन गेला आणि दुपारी मुलगी दारात हजर. सगळ्या पाऱ्यानं, अख्ख्या मोहल्ल्यानं पाहिलं.

तेरवी आटोपल्यावर ती परतीचं तिकीट काढायला माझ्याकडे आली. त्याच बाकावर बसली. "बाबा इथं यायचे ना? मेरे बारे में कुछ कहते थे?"

मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण त्यांचा शब्द मी कसा मोडणार?

"म्हणायचे, पुणं लई दूर आहे. पोट्टी झूट बोलत नाही."

मी तिकीट पुढे सरकवलं. तिनं त्यावरची निघायची वेळ वाचली, पोचायची वेळ वाचली, आणि तिथंच रडायला लागली.