मेथीचा पहिला तोडा

खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मी दत्तमहाराजांशी बोलणंच टाकलं होतं. सीमेवरच्या ठाण्यात माझ्या शेजारी झोपणारा, माझ्याच ताटात जेवणारा जोडीदार पलीकडच्या गोळीनं गेला, आणि मी खिशातली अंगाऱ्याची पुडी काढून ट्रंकेच्या तळाशी टाकून दिली. कारंज्याला आमचा भाजीचा मळा आहे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाऊन आल्याशिवाय आमच्या घरात कोणी घास घेत नाही. त्याच घरचा मी, पण म्हटलं, ज्याला माझा माणूस राखता आला नाही त्याच्यापुढे हात कशाला जोडायचे.

सुट्टीहून निघताना मायनं अंगाऱ्यासोबत मेथीचं बीही बांधून दिलं होतं. नुसतं बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा मी गोळ्यांच्या रिकाम्या पेट्यांत माती भरून ते पेरलं. महिन्याभरात मेथी अशी तरारली की पाहत राहावं. आता आमच्या घरी एक रीत आहे. पहिला तोडा विकायचा नाही, घरातही शिजवायचा नाही. बाहेरचं जे माणूस सगळ्यात आधी बांधावर येईल, त्याच्या हाती द्यायचा. लहानपणी एकदा भांडखोर शेजाऱ्याला जुडी द्यायला मी कुरकुर केली, तर माय म्हणाली होती, "कोन हाय ते इचारू नोको बापू. पाठवनारा पाठवते, आपन फक्त हात पुढं कराचा."

ठाण्याखाली एक ओढा होता. अलीकडचा काठ आमचा, पलीकडचा त्यांचा. पाणी दोघांनाही तिथलंच, म्हणून न बोलता ठरून गेलेलं की पाण्यावर आलेल्यावर गोळी चालवायची नाही. त्या सकाळी मी जुडी घेऊन उतरलो. वाटलं, खालच्या वस्तीतला एखादा मेंढपाळ भेटेल. भेटला कोण, तर पलीकडचा शिपाई. दोन्ही हातांत डबे, दाढी पिकायला लागलेली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मनात म्हटलं, महाराज, थट्टा करून राह्यले काय माही?

जुडी पाण्यात फेकून द्यावी असंही वाटलं, पण पहिला तोडा फेकणं हातांना जमेना. शेवटी ओढ्यातल्या खडकावर ठेवली. तो नुसता बघत राहिला, विषबिष असेल असं वाटलं असणार. मी त्यातलीच दोन पानं तोडून खाल्ली. मग तो पुढे आला, जुडी नाकाशी धरली आणि हसला. म्हणाला, "घर की याद दिला दी, यार." दुसऱ्या दिवशी त्याच खडकावर मूठभर सुके जर्दाळू ठेवलेले होते.

सुभेदारसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. "जंग लड़ने आए हो या सब्ज़ी बाँटने?" त्यांचं बरोबरच होतं. त्यानंतर मी काही दिलं नाही. पण पाण्यावर दिसला की तो हात वर करायचा, "क्यों मेथीवाले, ठीक?" आणि मीही मान हलवायचो. एखाद्या दिवशी तो आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं. मग जोडीदाराच्या रिकाम्या खाटेकडे बघवायचं नाही.

पुढे तीन दिवस सारखा पाऊस झाला. चौथ्या दिवशी उघडीप मिळाली आणि मी डबे घेऊन निघालो. रोजचीच वाट, डोळे मिटून चालावं अशी. अर्ध्यावर आलो तोच समोरून आरोळी आली, "मेथीवाले, वहीं रुक! पाँव मत रख!" उचललेला पाय तसाच राहिला. वर पाहिलं तर तो आडोसा सोडून उघड्यावर उभा, दोन्ही हात वर. आमच्या पहारेकऱ्याची बंदूक त्याच्यावर रोखलेली होती. त्याला ती दिसत होती, तरी तो हलला नाही. "मिट्टी खिसकी है. सुरंग तेरे आगे पड़ी है." मी मागे ओरडलो, "गोली मत चलाना." मग खाली वाकून पाहिलं. गवताआड, एका पावलावर, चिखलातून सुरुंगाची कड वर आली होती. माझ्या बाजूनं ती दिसलीच नसती. "अपने ही निशानों पर पीछे जा, आराम से," असं म्हणत म्हणत त्यानं मला वरपर्यंत नेलं, लेकराला चालायला शिकवतात तसं. मी ठाण्यात पोचलो तेव्हा तो तिथंच मटकन खाली बसला.

त्या दिवशी ट्रंक उपसली, अंगारा कपाळाला लावला आणि पोटभर रडलो. आठ दिवसांत आमची तुकडी तिथून हलली. त्याचे आभार मानायचे राहिले, ते राहिलेच. त्याला त्याच्या साहेबांनी काय सुनावलं असेल, तो आता कुठे असेल, काही ठाऊक नाही.

नोकरी संपवून घरी आलो तेव्हा मायला सगळं सांगितलं. तिनं हातातली जुडी बांधून खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यानं भाजी खाल्ली का रे?" म्हटलं, "खाल्ली असन." म्हणाली, "मंग झालं."

आता मळ्यात पहिला तोडा निघाला की मी बांधावर उभा राहतो. कोण यावं हे मी ठरवत नाही. तेवढं ओझं महाराजांवर टाकल्यापासून जीव हलका आहे. जोडीदाराचं दुःख गेलेलं नाही, ते जाणारही नाही. गुरुवारी देवळात मी दोघांसाठी हात जोडतो. एकदा जोडीदाराचं नाव घेतो. दुसऱ्याचं नाव मी कधी विचारलंच नाही, म्हणून नुसतं म्हणतो, महाराज, त्या पलीकडच्याला सांभाळा.