गंगाक्का आणि हँग होणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलं की लोक चहा सांगतात आणि आपल्या कामाला लागतात. गंगाक्का मात्र खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायच्या आणि मी उठेपर्यंत उठायच्या नाहीत.

कर्नाटकातल्या आळंदजवळ त्यांची तूरडाळीची मिल होती. नवरा गेल्यावर ती त्यांनीच चालवली. मुलगा महेश पुण्याला नोकरीला जाताना हिशेबासाठी एक कॉम्प्युटर बसवून गेला होता. तो वर्षभर कापडाखाली झाकलेला असे. कराचे कागद काढायचे तेव्हाच सुरू व्हायचा आणि मध्येच थिजायचा. माऊस हलत नसे, काय चुकलं ते पडद्यावरही येत नसे.

मी गुलबर्ग्याला हार्डवेअरचा कोर्स केला होता. खिशाला स्क्रू-ड्रायव्हर दिसे म्हणून लोक मला इंजिनिअर समजत. ती समजूत मी कधी दुरुस्त केली नाही.

पहिल्यांदा मी सांगितलं, "व्हायरस आहे अक्का," आणि विंडोज नव्याने टाकलं. पुढच्या वेळी रॅम बदलली. मग गावातली वीज दोषी ठरली. निदान दरवेळी वेगळं, आवाज मात्र तितकाच ठाम.

पंचाईत अशी, की माझ्यासमोर मशीन कधी अडायचंच नाही. "तू आलास की गुमान चालायलंय," अक्का म्हणायच्या. "पाठ फिरवलीस की बसतंय." मग आम्ही दोघं ते अडायची वाट बघत दुपारभर बसायचो. अक्का बोलत राहायच्या. जनवाड्याचं माहेर, नव्या नवरीला जात्यावर बसवून सासूने घेतलेली परीक्षा, पुण्याला निघालेल्या महेशची बॅग त्यांनी तीनदा भरून तीनदा उपसली ते. मी पडद्यावर डोळे ठेवून "व्हय, व्हय" करायचो.

एकदा मी असतानाच महेशचा फोन आला. "भंगारात टाक ते मशीन. खरं तर मिलच काढून टाक आणि इकडे ये."

"कारण न कळताच काढून टाकायचं?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "उद्या मी अडले तर मलाबी काढशील."

मी आधीच घट्ट असलेला एक स्क्रू पुन्हा घट्ट केला.

त्याच दुपारी मशीन आमच्या डोळ्यांदेखत अडलं. मी तोंड उघडलं.

"आता काय नवं सांगायलास?"

"कळंना झालंय अक्का."

"बरं झालं. तू घरनंच ठरवून येतोस, मग बघतोस. आज आधी बघ."

त्यांनी उजेडासाठी बॅटरी धरली. मी मशीनचं झाकण काढून पहिल्यांदाच निवांत बघितलं. आतल्या मुख्य बोर्डावर पंख्याशेजारी छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांची डोकी सपाट हवीत. यातली काही पुरीसारखी फुगली होती. इतक्या वेळा माझा हात त्यांच्यावरूनच गेला होता, पण तेव्हा मी व्हायरस शोधत होतो.

गुलबर्ग्याच्या एका टीव्हीवाल्याकडून बोर्डावर नवे कपॅसिटर सोल्डर करून आणले. मशीन दिवसभर सुरू ठेवलं, अडलं नाही. अक्कांनी मला चुरमुऱ्यांचा सुसला खाऊ घातला आणि पुण्याला फोन लावला. "कारण सापडलं," एवढंच म्हणून ठेवून दिला.

त्यानंतर काही हंगाम मिल चालली. मग एका वर्षी त्यांनी आपल्या मनानेच ती विकली आणि पुण्याला गेल्या. पुढे एके दिवशी महेशचा फोन आला. आई गेली म्हणाला. मग त्याने विचारलं, "तुम्ही दोघं दुपारभर बसायचात ना? काय बोलायची ती? मला तर 'जेवलास का' याच्या पुढे काही सांगायची नाही."

मी नुसता मशीन अडायची वाट बघायचो, हे ओठांवर आलं होतं. पण जनवाड्यापासून सुरुवात केली, तर एकामागून एक आठवत गेलं. सासू झाली, जातं झालं, मग त्या बॅगेवर आलो.

फोन कट झाला असं मला अधूनमधून वाटायचं. तेवढ्यात पलीकडून नाक ओढल्याचा आवाज यायचा, आणि मी पुढचं सांगायचो.